मजकूर-संपादकाची निवड आणि मराठीचा अभ्यासक

पदव्युत्तर वर्गात प्रकल्पांचे विषय ठरले की दरवर्षी एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो: मराठी लिहिण्यासाठी संगणकावर नेमके काय वापरावे? या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे प्रचारात आहेत. नवख्याला सांगितले जाते की सोपे असेल ते घे, म्हणजे अर्थातच वर्ड. संगणकात मुरलेल्याला सांगितले जाते की व्हिम शीक, नाहीतर ईमॅक्स. ही दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी मराठीचा विचार केलेला नसतो, असे आमचे मत आहे. नवखा आणि जाणता ही विभागणी रोमन लिपीत लिहिणाऱ्यांच्या जगात पुरेशी असेल. देवनागरीत लिहिणाऱ्यापुढे त्याआधीचा एक प्रश्न उभा असतो: पडद्यावर जे अक्षर दिसते आहे, ते फायलीमध्ये खरोखर तेच आहे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्या साधनात सरळपणे मिळते ते साधन चांगले. मग ते सोपे असो वा अवघड.

'एडिटर' या शब्दाचे मराठी 'संपादक' असे करावे लागते, आणि त्याने एक गोंधळ होतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला संपादक म्हटले की गिरगावातील खटाववाडी आणि श्री. पु. भागवत आठवतात, राम पटवर्धन आठवतात. हस्तलिखितातला एकेक शब्द पारखून लेखकाशी पत्रव्यवहार करणारा माणूस आठवतो. संगणकावरील मजकूर-संपादक यांपैकी काहीच करीत नाही. तो पाने आखत नाही, ठळक-तिरपे करीत नाही, समास सांभाळत नाही. तुम्ही दिलेली अक्षरे तो क्रमाने ठेवून घेतो आणि मागाल तेव्हा तशीच परत देतो. वर्डसारखी साधने मात्र अक्षरांबरोबर त्यांचा पेहरावही साठवतात. एकाला लेखनाची वही म्हणावे, दुसऱ्याला छापखान्याची धाकटी बहीण. आपल्याकडे विद्यार्थी वही हाती न घेता थेट छापखान्यात जातो, ही आमची मूळ तक्रार आहे.

छापखान्यात जाण्याची ही सवय आपल्याला का लागली, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर, म्हणजे हाताने काढलेल्या अक्षरांवरून. पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांची घडण अशी काही उंचीवर नेली की संस्कृत ग्रंथांसाठी देशभर त्या छापखान्याचे नाव घेतले जाऊ लागले. पण खिळा हा आकाराचा असतो, वर्णाचा नव्हे. जुळाऱ्याला 'क' या वर्णाशी कर्तव्य नसते. अर्धा क, पूर्ण क, रफार, वेलांटी असे तुकडे उचलून त्याला ओळ बसवायची असते. जे डोळ्यांना दिसते ते जुळवायचे, ही त्या कामाची शिस्त. टाइपरायटर आला तोही हीच शिस्त घेऊन. लालबागेत १८९७ साली कुलुपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. पुढे मराठी टंकलेखनाच्या परीक्षा देऊन कारकुनी मिळवणाऱ्या पिढ्या दादर-परळच्या टायपिंग क्लासांतून बाहेर पडल्या. त्या यंत्रावर 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, कारण कागदावर वेलांटी आधी येते. 'धर्म' लिहिताना ध, म आणि शेवटी वरचा रफार. उच्चाराचा क्रम एक, लिहिण्याचा दुसरा.

१९९० च्या आसपास डीटीपी आले, आणि खिळ्यांची हीच पद्धत संगणकात शिरली. त्या काळच्या टंकांत फार तर २५६ जागा असत. इंग्रजी अक्षरांच्या त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले गेले. प्रत्येक कंपनीने ते आपापल्या क्रमाने बसवले. पडद्यावर उत्तम मराठी दिसे. फायलीमध्ये मात्र मराठी नसेच, असे ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. योग्य टंक असेल तोवरच त्याला अर्थ. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. दुसरी सोय नव्हती, आणि त्या सोयीवरच पंधरा-वीस वर्षे मराठी पुस्तके, दैनिके आणि दिवाळी अंक निघाले. परंतु त्याची किंमत आज दिसते आहे. आमच्यापैकी एकाने मागे आपल्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकांची सूची करायला घेतली. १९७० च्या दशकातले अंक कपाटात होते आणि वाचता आले. १९९८ ते २००४ या काळातले काही अंक छापील स्वरूपात हरवले होते. त्यांच्या तबकड्या मात्र मिळाल्या. त्या उघडल्यावर पानेच्या पाने इंग्रजी अक्षरे, मधे कंस, मधे डॉलरचे चिन्ह. तो मजकूर जुळवणारे परळचे छोटे केंद्र केव्हाच बंद झाले होते, टंक कोणता ते सांगणारे कोणी उरले नव्हते. खिळ्यांवर छापलेले टिकले आणि संगणकावर लिहिलेले गेले, हा अनुभव फक्त आमचा नसावा.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला, आणि तो आपल्याकडच्या इस्की या प्रमाणावर बेतलेला होता. मूलभूत बदल असा की आता जागा मिळाली ती वर्णाला, आकाराला नाही. 'स्त्री' हे डोळ्यांना एक अक्षर दिसते. फायलीमध्ये स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार असे सहा संकेत उच्चाराच्या क्रमाने उभे असतात. ते जोडून स्त्री कशी रेखाटायची हे टंकाने पाहावे. मराठीच्या अभ्यासकाला हे खरे तर परके वाटू नये. पाणिनीच्या वाटेने जाणाऱ्यांनी वर्ण आणि त्याचे लेखन वेगळे मानायला शिकवलेच आहे. ज्याला संधी आणि वर्णविचार कळतो त्याला युनिकोड समजावून सांगायला दहा मिनिटे पुरतात. टायपिंगची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला अधिक वेळ लागतो, कारण त्याला आधी काही विसरावे लागते.

म्हणून आमची पहिली शिफारस संपादकाची नाहीच, कळफलकाची आहे. इनस्क्रिप्ट शिकावा. रोमन अक्षरांत 'marathi' असे उमटवून मराठी मिळवण्याची सोय आज भ्रमणध्वनीपासून सर्वत्र आहे आणि चार ओळींच्या निरोपाला ती पुरते. शोधनिबंधाला ती घातक आहे, असे आम्ही जाणूनबुजून कठोरपणे म्हणतो. त्यात तुम्ही मराठी शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग मनात करता आणि यंत्र सुचवील त्या चार-पाच पर्यायांतला एक उचलता. ऱ्हस्व की दीर्घ हा निर्णय लेखकाचा राहत नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि क च्या कळीवरच शिफ्टसह ख, ग वर घ, त वर थ. वर्णमाला पाठ असणाऱ्याला पंधरवड्यात हात बसतो. शिवाय ल च्या कळीवर शिफ्टसह ळ आणि र च्या कळीवर शिफ्टसह ऱ बसवलेला आहे. म्हणजे मराठीची सोय पाहिलेली आहे.

या शेवटच्या वर्णापाशी थोडे थांबायला हवे, कारण संपादकाच्या निवडीची खरी कसोटी इथेच लागते. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'कोऱ्या' यांतला अर्धा र मराठीची खासियत. हिंदीला त्याची गरज नाही. संगणकावर तो दोन रीतींनी लिहिला जातो. एक रीत ऱ, हलन्त, य अशी. दुसरी रीत र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य अशी. पहिल्या रीतीने 'दुसऱ्या' होते, दुसऱ्या रीतीने 'दुसर्‍या' होते. वाचक दोन्ही शब्द न्याहाळून पाहील तरी बहुधा त्याला फरक सापडणार नाही. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन भिन्न शब्द आहेत. प्रबंधात एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. 'अॅ'चे त्याहून वाईट आहे. अ वर अर्धचंद्र देऊन तो करता येतो; हिंदीसाठी असलेल्या ऍ या वर्णानेही तो भागवला जातो; आणि २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत खास मराठीसाठी ॲ हा स्वतंत्र वर्ण आला. यांतले पहिले आणि तिसरे रूप दिसायला जवळपास तेच. म्हणून 'ॲरिस्टॉटल' शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याच टिपणांतला 'अॅरिस्टॉटल' मिळत नाही आणि 'ऍरिस्टॉटल'ही मिळत नाही. काव्यशास्त्राच्या पेपरची तयारी करणाऱ्याने यावरून काय निष्कर्ष काढावा? बहुतेक जण असाच काढतात की संगणकाला मराठी येत नाही.

संगणकाला येते. आपण कोणते वर्ण लिहिले हे आपल्याला कळत नाही, एवढेच. आणि हे कळण्याची सोय पेहराव सांभाळणाऱ्या साधनांत सहसा आडबाजूला असते, मजकूर-संपादकात हाताशी असते. ईमॅक्समध्ये एखाद्या वर्णावर जाऊन एक आज्ञा दिली की त्याचा संकेत-क्रमांक आणि युनिकोडमधले नाव सांगितले जाते. नोटपॅड प्लस प्लससारख्या साध्या संपादकात एका फोल्डरमधल्या सगळ्या फायलींत एकदम शोध घेता येतो आणि एक रूप काढून दुसरे घालता येते. एका संध्याकाळच्या कामात वर्षभराच्या टिपणांतले सगळे अर्धे र एका जातीचे होतात.

आता नवख्याकडे वळू. त्याच्यासाठी आमचे उत्तर अगदीच साधे आहे: विंडोजवर असलेला नोटपॅडच घे. १९८५ पासून तो विंडोजबरोबर येतो आणि त्याला सगळे हसतात. पूर्वी हसण्यासारखे होतेही. जतन करताना योग्य पर्याय निवडला नाही तर साऱ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहत असे. २०१९ पासून मात्र तो आपण होऊन यूटीएफ-८ या पद्धतीने जतन करतो, त्यामुळे मराठीसाठी तो धोका उरलेला नाही. दोन गोष्टी सांभाळाव्यात. ओळ वळवण्याचा पर्याय चालू ठेवावा, आणि परिच्छेद संपेपर्यंत एंटर दाबू नये. टाइपरायटरच्या काळातली ओळीअखेर कळ ओढण्याची सवय अजून कित्येकांच्या बोटांत आहे. मॅकवर टेक्स्टएडिट आहे. त्याला आधी 'प्लेन टेक्स्ट' करून घ्यावे लागते, नाहीतर तोही पेहराव साठवतो. लिनक्सवर जीएडिट किंवा केट. दोन-तीन महिन्यांत शोधाची भूक वाढली की नोटपॅड प्लस प्लसकडे जावे. २००३ पासून तो मोफत उपलब्ध आहे. यापलीकडे नवख्याला काही सांगू नये. सोयी जितक्या अधिक, तितका लिहिण्याआधीचा वेळ अधिक.

अक्षरे सुंदर दिसत नाहीत, ही तक्रार पहिल्याच आठवड्यात येते आणि ती रास्त आहे. तिचे कारण संपादकात शोधू नये. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा टंक विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचला आणि संगणकावरची मराठी प्रथम अनेकांनी त्यातच पाहिली. पण त्यात ल आणि श सर्वसाधारणपणे हिंदी वळणाचे दिसतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिला, तो हवा असेल तर टंक बदलावा. मुक्त किंवा यशोमुद्रा यांसारखे टंक विनामूल्य मिळतात. महत्त्वाचे हे की टंक बदलल्याने फायलीतले एकही अक्षर हलत नाही. डीटीपीच्या काळात टंक गेला की मजकूर गेला. आता टंक ही वाचणाऱ्याची आवड.

जाणत्यांशी आमचा वाद अधिक आहे. मुंबईतल्या मराठी तरुणांत संगणक-व्यवसायातले पुष्कळ जण साहित्याकडे वळलेले दिसतात. कविता लिहितात, नियतकालिके चालवतात, आणि आमच्या विद्यार्थ्यांना ते आवर्जून व्हिम सुचवतात. व्हिमचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलेत लिहिला. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली व्हिम प्रसिद्ध केला आणि २०२३ साली निधन होईपर्यंत तो सांभाळला. त्यांची चिकाटी कौतुकास्पद आहे यात शंका नाही. पण व्हिमची रचना अशी की लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगळी, आणि आज्ञा म्हणजे रोमन अक्षरे. तिथे दोनदा डी दाबले की ओळ पुसली जाते. मराठी कळफलक चालू असेल तर त्याच कळीवर हलन्त असतो. दोनदा दाबल्यावर व्हिमला दोन हलन्त मिळतात आणि त्यांचे काय करावे हे त्याला कळत नाही. खाली जाण्याच्या कळीवर र, वर जाण्याच्या कळीवर क, लिहू लागण्याच्या कळीवर ग. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीपूर्वी कळफलक इंग्रजी करा, आज्ञा द्या, पुन्हा मराठी करा. एका परिच्छेदात हे वीसदा करून पाहिले की ज्या चपळाईसाठी व्हिम घेतला ती कुठे गेली असा प्रश्न पडतो. यावर व्हिममध्ये उपाय नाही असे नाही. त्याचा स्वतःचा कळ-नकाशा घडवता येतो. पण तो घडवून देणारा मित्र हवा. त्यात व्हिम ज्या काळ्या खिडकीत चालवला जातो ती बहुधा प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीचा खण देणारी असते. 'स्त्री' त्या खणांत मावत नाही. जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या शेजारच्या घरात जाऊन बसतात.

ईमॅक्सची गोष्ट वेगळी आहे, आणि त्याचा बोलबाला आमच्याकडे तुलनेने कमी आहे याचे आम्हांला आश्चर्य वाटते. तोही १९७६ चाच. त्याच्या आत देवनागरीची लेखनपद्धती आहे, इनस्क्रिप्टदेखील आहे, आणि ती चालू असली तरी आज्ञांच्या कळी कंट्रोलसह दाबायच्या असल्यामुळे जागच्या जागी राहतात. मराठी लिहीत असताना कळफलक न बदलता आज्ञा देता येतात. २०२० साली आलेल्या २७ व्या आवृत्तीपासून जोडाक्षरे रेखाटण्याचे कामही चांगले होते. त्याच्या आज्ञा पाठ करायला महिना-दोन महिने जातात आणि बोटे दुखतात, हे खरे. ज्याला एक-दोन निबंध लिहायचे आहेत त्याने त्या वाटेला जाऊ नये. ज्याला पुढली वीस वर्षे संहितांशी झुंजायचे आहे त्याने जावे.

संहितांशी झुंजणे म्हणजे काय, हे मराठीच्या विद्यार्थ्याला अन्य कोणी शिकवण्याची गरज नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठशुद्धी केली. आपल्या परंपरेतला हा पहिला मोठा संपादक. तुकारामांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली निघालेली आवृत्ती पाठभेद नोंदवूनच सिद्ध झाली. हे काम प्रती शेजारी शेजारी ठेवून, डोळ्यांत तेल घालून करावे लागे. आज ईमॅक्स, व्हिम, नोटपॅड प्लस प्लसची जोडसाधने हे सर्व दोन फायलींची ओळीगणिक तुलना करतात आणि फरक रंगवून दाखवतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी केलेली सोय पाठचिकित्सेला किती नेमकी लागू पडते हे पाहून नवल वाटते. अट इतकीच की दोन्ही फायली साध्या मजकुराच्या असाव्यात, आणि एक ओवी-चरण एका ओळीवर असावा. गद्यात अख्खा परिच्छेद एक ओळ धरला जातो, त्यामुळे एका शब्दाच्या फरकासाठी परिच्छेदच्या परिच्छेद रंगतो. तिथे वाक्यागणिक ओळ तोडून घ्यावी.

शोधाचेही तसेच. गिरणगावावरच्या कथा-कादंबऱ्यांवर प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'भोंगा' हा शब्द कोठे कोठे येतो आणि १९८२ च्या संपानंतरच्या लेखनात त्याचा अर्थ कसा बदलतो हा प्रश्न घेतला. टिपणे साध्या मजकुरात होती. 'भोंगा' शोधून काही हाती लागते, पण मराठी शब्द विभक्तीच्या आधी सामान्यरूप घेतो; 'भोंग्याला', 'भोंगे', 'भोंग्यांचा' निसटतात. 'भोंग' एवढेच शोधले की सगळे येतात, कारण ग नंतरचा काना, मात्रा किंवा हलन्त हा वेगळा संकेत आहे. हे तिला व्याकरणातून सुचले, संगणकातून नव्हे. उलट शब्दांची यादी संपादकाकडून अकारविल्हे लावून घेतली, तर ळ सहसा ल च्या लगेच मागे येतो, ह च्या नंतर येत नाही. युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तशी आहे. मराठी कोशाच्या क्रमाने सूची हवी असेल तर ती हाताने सुधारावी लागते. हे ठाऊक नसलेल्याच्या सूचीवर परीक्षक चुकीचा शेरा मारतील.

आमच्या या भूमिकेला घेतला जाणारा मोठा आक्षेप असा की विद्यापीठाला प्रबंध वर्डमध्येच लागतो, मार्गदर्शक समासात शेरे वर्डमध्येच देतात, आणि वर्डही आता युनिकोडच वापरतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तळटीपा, आशय-सूची, मार्गदर्शकाचे फेरफार नोंदवणे यांसाठी वर्ड किंवा लिब्रेऑफिस हीच योग्य साधने. मजकूर-संपादकात तळटीप क्रमांकासह सांभाळणे म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणे आहे. आम्ही वर्ड टाकून द्या असे म्हणत नाही. लेखन पूर्ण झाल्यावर त्यात जावे, असे म्हणतो. दोन वर्षांची टिपणे, उतारे, मुलाखतींची प्रतिलेखने, कवितांच्या प्रती हे सारे साध्या मजकुरात असावे, आणि त्यांतून घडलेला प्रबंध छपाईच्या पोशाखात. आमच्या अनुभवात उलटे होते. टिपणे वर्डमध्ये रंगीबेरंगी, कुठे युनिकोड तर कुठे जुन्या टंकातला उतारा चिकटवलेला, आणि शेवटी प्रकाशक ते सारे पुन्हा जुळवायला देतो. दादरच्या एखाद्या डीटीपीवाल्याला विचारावे. लेखकाची युनिकोड फाइल जुन्या टंकात आणि जुन्या टंकातली युनिकोडमध्ये करून देणे, आणि त्यात पडलेले अर्धे र पुन्हा उभे करणे, हे काम तो रोज करतो.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे आणि त्याला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. लालबाग-परळच्या चाळींतून आणि आता तिथल्याच पुनर्विकसित इमारतींच्या छोट्या घरांतून येणाऱ्या कित्येक मुलांकडे संगणक नाहीच, भ्रमणध्वनी आहे. निबंध ते त्यावरच लिहितात, आणि कित्येकदा बोलून लिहितात. त्यांना इनस्क्रिप्ट आणि ईमॅक्स सांगणे हा उद्दामपणा ठरेल. मात्र भ्रमणध्वनीवरही साध्या मजकुराची नोंदवही असते, इनस्क्रिप्टचा कळफलक असतो, आणि त्यावर लिहिलेली फाइल ग्रंथालयातल्या यंत्रावर नोटपॅडमध्ये जशीच्या तशी उघडते. रंगसंगती जुळवलेला दस्तऐवज दोन यंत्रांवर दोन तऱ्हांनी दिसतो, ही तक्रार आम्ही याच मुलांकडून अधिक ऐकतो. गरीब माणसाला टिकाऊ वस्तू अधिक लागते, हे यंत्रांनाही लागू आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्यानंतर जुन्या ग्रंथांच्या संगणकीकरणाची भाषा व्यासपीठांवरून पुष्कळ ऐकू येते. त्यातले बरेचसे संगणकीकरण म्हणजे पानांची छायाचित्रे. छायाचित्रात शोध घेता येत नाही. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश अक्षरशः मजकूर म्हणून महाजालावर ठेवला, आणि आज मराठीचा अभ्यासक रोज तिथे जातो. असे काम मुंबईत करायचे झाले तर ते करणारी मुले कुठून येणार? मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात मुद्रितशोधन असते, जाहिरातलेखन असते, आताशा ब्लॉगलेखनही असते. वर्ण, संकेत आणि टंक यांतला भेद कोठे शिकवतात?

येत्या सत्रात आम्ही आमच्या वर्गांपुरता एक क्रम ठरवला आहे. पहिले दोन आठवडे इनस्क्रिप्ट, फक्त नोटपॅडमध्ये, रोज एक पान. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःच्या जुन्या लेखनातला एक निबंध आणायचा आणि त्यातले अर्धे र व ॲ मोजून, एकरूप करून द्यायचे. त्यानंतर एकाच अभंगाचे दोन छापील पाठ दोन फायलींत उतरवून त्यांची तुलना. वर्ड दिवाळीच्या सुट्टीनंतर. संगणक कक्षातली यंत्रे विद्यार्थ्यांच्या निम्मीच आहेत, तेव्हा तुकड्या दोन कराव्या लागतील, आणि शनिवारचा एक तास वाढवून मागावा लागेल.